फळीवरचा डबा

माळ्यावर चढले होते ते गाद्यांच्या खोळी शोधायला. खोळी मिळाल्या नाहीत. माळ्याचा हा नियमच आहे, शोधाल ते सोडून बाकी सगळं देतो. हाताला लागला तो बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. झाकणाला छिन्नीने पाडलेली बोटभर चीर आणि बाजूला खळीने चिकटवलेला कागद. आईचं अक्षर: ‘उपासकाळ १९७६’. हलवून पाहिला तर आत वाजलं.

खाली येऊन पेपर पसरला आणि चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं. ॲल्युमिनियमची नाणी पडतात तेव्हा खणखणत नाहीत, सुक्या शेंगा ओतल्यासारखा आवाज येतो. चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडांचे दहा पैसे, आणि त्यात एकच पितळी, कमळाचं, वीस पैशांचं. मोजले. दोन रुपये पस्तीस पैसे. खोळी राहिल्या बाजूला.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या मिशन कंपाउंडमध्ये भस्म बुधवारची, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या पहिल्या दिवसाची, उपासना संपली की पाळकसाहेब दाराशी उभे राहून प्रत्येक घराला एक पुठ्ठ्याची पेटी द्यायचे. घडी उघडायची, खाचा एकमेकींत अडकवायच्या आणि ईस्टरपर्यंत भरायची. आमच्याकडे ती टिकायची नाही. चुलीजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी तिची जागा, त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात तेलकट होऊन मान टाकायची. म्हणून बाबांनी हा डबा करून दिला. दर आईने ठरवलेले. बिनसाखरेचा चहा प्यायलात, पाच पैसे. मटणाचा रविवार चुकवलात, पन्नास. धाकट्या भावाने कुठून तरी शोधून काढलं की भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवस भरतात सेहेचाळीस, चाळीस नव्हे, कारण रविवार उपासात धरत नाहीत. तेव्हा रविवारी डब्यात काही टाकायचं नाही, असा त्याचा निकाल. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, “उपासाला रविवार असतो रे, भुकेला नसतो.” भावाने त्या दिवशी दहा पैसे टाकले, पण वकिलाचा चेहरा करून.

शब्बाथशाळेत गरीब विधवेचा धडा असायचा. श्रीमंत लोक भांडारात पुष्कळ टाकतात आणि ती टाकते दोन टोल्या, म्हणजे एक दमडी. टोली म्हणजे काय हे आमच्या बाईंनाही सांगता यायचं नाही. मी आपलं ठरवून टाकलं होतं की चौकोनी पाच पैसे म्हणजे टोली. अजूनही ते नाणं पाहिलं की तोंडात आधी तोच शब्द येतो.

१९७६ साली भस्म बुधवार मार्चच्या तीन तारखेला आला. त्याआधी महिनाभर संसदेने वेठबिगारी नष्ट करणारा कायदा केला होता. पाळकसाहेबांनी प्रवचनात वचनाच्या आधी तो कायदाच समजावून सांगितला. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढून सावकाराकडे वर्षानुवर्षं राबणारी माणसं आहेत, त्यांना लग्नगडी म्हणतात. त्यांचं कर्ज कायद्याने फिटलं असं धरलंय, पण सुटून आलेल्या माणसाला बियाणं लागतं, शेळी लागते, पहिल्या पावसापर्यंतचं धान्य लागतं. यंदाचे डबे तिकडे जातील. मागच्या बाकावर कुरकुर झाली, देवळात हे कशाला म्हणून. आणीबाणीचे दिवस, कुरकुरसुद्धा हळू आवाजात. मला मात्र तो शब्द फार आवडला. लग्नगडी. मला वाटलं, भातुकलीतल्या लग्नात नवरदेव होतो तसा कोणीतरी गडी असणार. पुढच्या आठवड्यात खेळताना मी शेजारच्या मुलाला लग्नगडी केलंसुद्धा.

आता मूळ गोष्टीवर येते. डबा उलटा धरून चिरेत सुरी सरकवली की नाणी सुरीच्या पात्यावरून घसरगुंडीसारखी बाहेर येतात. हे ज्ञान मला कोणी दिलं नाही. बोरकूट, पेपरमिंट, एकदा रंगीत खडू. एका वेळी फार नाही, दहा-वीस पैसेच. मनात हिशेब असा की हे आपल्याच घरचे पैसे आहेत, माझ्याच बिनसाखरेच्या चहाचे तर आहेत.

आई दर शनिवारी डबा पुसताना तळहातावर तोलायची. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी तिने तो खाली ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. आकडाही सांगितला, चार रुपये. तिने आत उरलेले पैसे काढले, तांदळाच्या डब्यातल्या पुरचुंडीतून चार रुपये त्यात घातले आणि सगळं पुठ्ठ्याच्या पेटीत भरलं. ईस्टरला वेदीपुढे पेटी गेली. रिकामा डबा तिने माझ्या हातात दिला. “हा तुझा. चार रुपये भर, मग आपण दोघी जाऊन देऊन येऊ.”

मी विचारलं, “मग मी आता लग्नगडी का?”

चोरीबद्दल मार बसला नव्हता. या वाक्याबद्दल बसला.

रात्री डोक्याला तेल लावताना मात्र तिने तिच्या लहानपणच्या सरव्याची गोष्ट सांगितली. भुईमुगाची काढणी झाली की पोरीबाळी रानात शिरायच्या आणि मातीत राहिलेल्या शेंगा वेचायच्या, ओचा भरेपर्यंत. लेवीय पुस्तकात हाच शब्द आहे, सरवा. शेताचे कोपरे झाडून कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. बायबलातली सरवा वेचणारी रूथ दोन्ही होती, गरीब विधवाही आणि मवाबी, म्हणजे परक्या देशातलीही. आई म्हणाली, “सरवा मागावा लागत नाही. मालक बांधावर उभा असला तरी वेचणारीने मान खाली घालायची नसते.” इतकंच बोलली. डब्याचं नाव काढलं नाही.

पुढे मला अशा डब्यांची खोडच लागली. कुठल्या घरात काय बाजूला काढतात ते आधी दिसतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतली पोरं घरोघरच्या मुष्टिफंडावर जेवली, जात्याशी बसलेल्या बाईने पहिली मूठ वेगळी काढली म्हणून. मिझोराममध्ये चर्चच्या घरांतून भात शिजवायच्या आधी मूठभर तांदूळ वेगळे ठेवतात, त्याला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. बायका ते गोळा करून विकतात. अमेरिकेत कॅथलिक लोकांचा पुठ्ठ्याचा ‘राइस बोल’ १९७५ साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला सुरू झाला, म्हणजे आमच्या या डब्याहून एकच वर्षाने मोठा. त्यातला पाव हिस्सा ते आपल्याच धर्मप्रांतातल्या गरजूंसाठी ठेवतात, बाकी परदेशात जातो. हा पाव हिस्सा मला फार शहाणपणाचा वाटतो. आमच्या पेटीत असा हिस्सा असता तर कंपाउंडच्या मागच्या वस्तीचं नाव कधीतरी निघालं असतं. तिथल्या बायका आमच्याकडे धुणं धुवायच्या आणि त्यांचा चहाचा कप वेगळा असायचा. हो, आमच्याकडेसुद्धा.

हल्ली चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड येतो. मी भरते, नाही असं नाही. फोन टिंग करतो आणि संपलं. पण त्यात तोलायला काही नाही, पोरांना चोरायलाही काही नाही. आणि पेटीवर हडकुळ्या पोराचा डोळे मोठे केलेला फोटो छापतात तो मला मुळीच सहन होत नाही. आमच्या पेटीवर नुसता क्रूस होता आणि खाली छापलेली रेघ, त्यावर कुटुंबाचं नाव लिहायचं. ज्याला द्यायचं त्याला चेहरा नव्हता, देणाऱ्यालाच नाव लिहावं लागायचं.

तर दोन रुपये पस्तीस पैसे. सहावीत होते, तोपर्यंत भरत होते बहुतेक. मग आम्ही घर बदललं, आईने डबा कुठल्याशा पेटाऱ्यात टाकला असेल, आणि तीही कधी बोलली नाही, मीही नाही. पाच, दहा, वीस पैसे २०११च्या जूनअखेर चलनातून गेले, त्यामुळे हे आता कुठे देताही येणार नाहीत. आई जाऊन नऊ वर्षं झाली.

पेपर दुमडून नाणी परत डब्यात ओतली. एक रुपया पासष्ट पैसे बाकी निघतात. व्याज धरलेलं नाही.