समान अंतर, पण कशात समान?

एखाद्या प्रदेशावर सारख्या अंतराने बिंदू पेरायचं काम आलं की मी कोड उघडायच्या आधी वहीत एक ओळ लिहिते: "सारखं, पण कशात? अंशात की मीटरमध्ये?" ही सवय एका चुकीतून लागली.

तो प्रदेश उभा लांबट होता, साधारण ५५ ते ६५ अंश उत्तर अक्षांशांमधला. त्यावर जाळी टाकायची, प्रत्येक बिंदूवरचं तापमान उचलायचं आणि सगळ्यांची सरासरी काढायची. मी दोन लूप लिहिले, एक अक्षांशाचा, एक रेखांशाचा, दोन्हींची पायरी ०.१ अंश. दहा मिनिटांत पडद्यावर चौकटीच्या वहीसारखी सुबक जाळी उमटली. सरासरी मात्र अपेक्षेपेक्षा थंड आली. दोन दिवस मी तापमानाच्या फाईलमध्ये चूक शोधत होते. ती फाईल अगदी बरोबर होती. चूक माझ्या जाळीत होती.

अक्षांशाचा एक अंश कुठेही मोजा, १११ किलोमीटरच्या आसपासच भरतो. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे तो विषुववृत्ताशी ११०.६ आणि ध्रुवाशी १११.७ होतो, एवढाच फरक. रेखांशाचं तसं नाही. छत्रीच्या काड्या जशा वर टोकाशी एकवटतात, तशा सगळ्या रेखावृत्तांच्या रेषा ध्रुवाशी जाऊन मिळतात. विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलेला हा अंश ५५ अक्षांशावर ६४ किलोमीटर उरतो, ६० वर जवळजवळ निम्मा होतो आणि ६५ वर ४७. म्हणजे माझ्या जाळीत पूर्व-पश्चिम शेजारी खालच्या टोकाला ६.४ किलोमीटरवर होते आणि वरच्या टोकाला ४.७ वर. तेवढ्याच क्षेत्रफळात उत्तरेला दक्षिणेपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक जादा बिंदू. थंड भागाला सरासरीत जास्त मतं मिळाली होती. पडद्यावर हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण नकाशा अंशांनाच चौकोनी करून दाखवत होता.

फक्त सरासरी हवी असेल तर प्रत्येक बिंदूला त्याच्या अक्षांशाच्या कोसाइनइतकं वजन द्यावं, भागतं. पण त्या बिंदूंवर कुणी प्रत्यक्ष जाऊन मातीचा नमुना घेणार असेल, तर वजन देऊन काय होणार? तिथे बिंदूच जागेवर हवेत.

म्हणून आता आधी प्रदेश सपाट करते, मीटरमध्ये. प्रदेश लहान असेल तर यूटीएम ही मीटरमधली नकाशा-पद्धत पुरते. त्यात पृथ्वीचे ६ अंश रुंदीचे ६० पट्टे केलेले आहेत, आणि एका पट्ट्याच्या आत अंतरातली चूक हजारात एखाद्या भागाएवढी असते. प्रदेश दोन-तीन पट्ट्यांवर पसरला की शिवणीवर रांगा जुळत नाहीत. मग मी प्रदेशाच्या मध्यावर केंद्र ठेवून लॅम्बर्टचं समक्षेत्र प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट मांडायची एक रीत) घेते. ते १७७२ सालचं आहे आणि अजून तितकंच कामाचं आहे. त्यात क्षेत्रफळ जसंच्या तसं राहतं, अंतर कडेला जरासं ताणलं जातं. गोल पृष्ठभाग कुठेही न ताणता सपाट करता येत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलेलं आहे. तेव्हा ताण कुठे चालेल, हे आपणच ठरवायचं.

पुढचं सोपं. प्रदेशाला बाहेरून आयत घालायचा, तो बिंदूंनी भरायचा आणि हद्दीबाहेरचे काढून टाकायचे. बिंदू आत आहे की बाहेर, हे ठरवायची रीत मला फार आवडते. बिंदूपासून एका दिशेला सरळ रेषा सोडा आणि ती हद्द किती वेळा ओलांडते ते मोजा. विषम आलं तर आत, सम आलं तर बाहेर. मधे तळं वगळलेलं असलं तरी हाच हिशोब चालतो.

पहिला बिंदू कुठे ठेवायचा, याकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. आयताच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली तर सगळी जाळी एखाद्या लांबच्या बेटाच्या टोकावरून ठरते. मी पहिल्या चौकटीच्या आत एक यादृच्छिक जागा निवडते, एकदाच, आणि तिथून जाळी सोडते. मग प्रदेशातल्या कुठल्याही जागेला निवडलं जाण्याची संधी सारखी मिळते. त्या निवडीचा सीड, म्हणजे यादृच्छिक निवड ज्या आकड्यापासून सुरू होते तो, फाईलमध्ये लिहून ठेवते, म्हणजे तीच जाळी पुन्हा काढता येते.

"नेमके ५०० बिंदू द्या" अशी मागणी नेहमी येते. ५०,००० चौरस किलोमीटरवर १० किलोमीटरची चौकोनी जाळी टाकली तर साधारण ५०० बसतात, पण हद्द वेडीवाकडी असल्यामुळे थोडे कमी-जास्त होतातच. जास्तीचे बिंदू हाताने काढायला माझा ठाम विरोध आहे. हवं तर अंतर थोडं बदला.

आणि चौकोनीच कशाला? एकाआड एक रांग अर्ध्या अंतराने सरकवली आणि रांगांमधलं अंतर १० ऐवजी ८.६६ किलोमीटर केलं की त्रिकोणी जाळी होते. चौकोनी जाळीत एखादी जागा सर्वात जवळच्या बिंदूपासून ७.०७ किलोमीटरपर्यंत लांब राहू शकते, त्रिकोणीत फार तर ५.७७. उलट बाजूने बघा: "कुठलीही जागा इतक्यापेक्षा लांब नको" अशी अट असेल, तर त्रिकोणी जाळीत सुमारे २३ टक्के बिंदू वाचतात. सपाट पृष्ठभागावर याहून चांगली मांडणी नाही, हे गणितज्ञ कर्शनरने १९३९ मध्ये दाखवलं. बिंदूपर्यंत माणसाला चालत जायचं असेल तेव्हा मी त्रिकोणीच सुचवते. २३ टक्के म्हणजे कुणाच्या तरी पायांचे कितीतरी दिवस.

शेवटी बिंदू पुन्हा अक्षांश-रेखांशात आणताना क्रम तपासते. बोलताना आपण "लॅट-लाँग" म्हणतो, जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाईल-प्रकारात रेखांश आधी लिहितात. अदलाबदल झाली तर ६० उत्तर, २५ पूर्व असलेला बिंदू २५ उत्तर, ६० पूर्वेला जाऊन पडतो, हजारो किलोमीटर दूर.

त्या जुन्या प्रदेशाची जाळी मी अशीच नव्याने काढली, १० किलोमीटरची. मग अगदी दक्षिणेच्या आणि अगदी उत्तरेच्या शेजारी बिंदूंमधली खरी अंतरं मोजली. केंद्रापासून पाच अंश दूर गेल्यावर १० किलोमीटरमागे चूक होती १० मीटरच्या आसपास. तापमानाची सरासरी वर सरकली. पडद्यावर मात्र, त्याच अंशांच्या नकाशात, नवी जाळी उत्तरेकडे विरळ होत गेलेली दिसत होती.