कार्टमेल प्रायरी: गाडी नसली तरी जमतं

इंग्लंडमधल्या खेड्यांतली जुनी चर्च बघायची तर स्वतःची गाडी हवीच, असं इथले आपले बरेच लोक सांगतात. वायव्य इंग्लंडमधल्या कार्टमेल गावातल्या प्रायरीपुरतं, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाच्या चर्चपुरतं, तरी ते खरं नाही. मी लँकेस्टरहून बॅरोकडे जाणारी रेल्वे पकडली. डावीकडची खिडकी मिळाली तर सोडू नका. आर्नसाइडनंतर केंट नदीच्या मुखावरचा लांबलचक पूल लागतो आणि खाली नुसती ओली वाळू पसरलेली दिसते. कार्क अँड कार्टमेलला उतरायचं. तिथून गाव दोनेक मैल, मी चालतच गेले.

आधी लक्ष जातं ते मनोऱ्याकडे. चौकोनी मनोऱ्यावर दुसरा चौकोनी मनोरा, पण ४५ अंशांत फिरवून बसवलेला.

विल्यम मार्शल या इंग्रज सरदाराने ११९०च्या सुमारास ऑगस्टिनियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांसाठी हा मठ स्थापला. सोळाव्या शतकात राजा आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ बरखास्त केले तेव्हा हाही गेला. विरोध करणारे काही मठवासी आणि गावकरी १५३७मध्ये फासावर चढले. चर्च मात्र वाचलं, कारण आत गावकऱ्यांची स्वतःची वेदी होती. हे आमचं गावचं चर्च आहे, असं त्यांनी ठामपणे मांडलं आणि ते मान्य झालं. माझ्या मते इथली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

तरी छपरावरचे शिशाचे पत्रे गेलेच. १६१८मध्ये जॉर्ज प्रेस्टन या स्थानिक जमीनदाराने दुरुस्ती हाती घेईपर्यंत सुमारे ऐंशी वर्षं आतली लाकडी आसनं ऊनपावसात होती. ती जवळून बघा. लाकूड झिजलंय, शिरा वर आल्यात. उभ्या उभ्या प्रार्थना करणाऱ्यांना टेकायला म्हणून आसनांच्या दुमडत्या फळ्यांखाली छोटे आधार आहेत आणि त्यांवर पंधराव्या शतकातलं कोरीवकाम: दोन शेपट्यांची जलपरी, पानांतून डोकावणारा चेहरा आणि पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती! अंबारीचे हत्ती बघत वाढलेल्या मला तिथून हलवेना. फळ्या खाली असतील तर स्वतः उचलू नका, तिथल्या स्वयंसेवकांना विचारा. मला त्यांनी फार आपुलकीने सगळं दाखवलं.

इथे आजही नियमित उपासना होते, लग्नं लागतात. म्हणून निघण्याआधी वेळा नक्की तपासा, आणि परतीच्या गाडीच्याही. गाड्या फार नाहीत. मठाचं चौदाव्या शतकातलं प्रवेशद्वार गावच्या चौकातच आहे, तेवढी पाच मिनिटं हातात ठेवा.