पंपाच्या खोलीवरचा भोंगा

मे महिन्यात कुणीतरी आमच्या पंपाची केबल कापून नेली. खानापूर तालुक्यातलं आमचं शेत गावापासून दीड किलोमीटरवर. वीज कधी असते, कधी नसते. राखणीला माणूस ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून सोलरवरचा भोंगा करायचं ठरवलं.

सामान बेळगावातून आणलं: १० वॉटचं पॅनेल, १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, पॅनेलची वीज बॅटरीत बेतानं भरणारा चार्ज कंट्रोलर, भोंगा चालू-बंद करणारं विजेवरचं बटण म्हणजे रिले, भोंगा आणि एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर. पांढऱ्या घुमटाचा हा चिमुकला सेन्सर स्वतः किरण वगैरे काही सोडत नाही, समोरच्या उष्णतेची हालचाल तेवढी टिपतो. पॅनेल दक्षिणेकडे, साधारण १५ अंश कलतं बसवलं.

पहिल्याच संध्याकाळी अडलं. सेन्सर १२ व्होल्टवर चालतो, पण बाहेर देतो फक्त ३.३ व्होल्ट. तेवढ्यानं रिले ढिम्म! मध्ये हा बारीक इशारा मोठा करणारा बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि एक हजार ओहमचा रेझिस्टर घातला, रिलेच्या कॉइलला उलटा डायोड लावला, तेव्हा कुठे 'टिक' ऐकू आलं.

खरी परीक्षा जागेची होती. सेन्सर पंपाच्या खोलीच्या दारावर समोर तोंड करून लावला, तर ऊन तापल्यावर वाऱ्यानं केळीची पानं हलली तरी भोंगा. त्यात वेळेचा स्क्रू मी शेवटपर्यंत फिरवून ठेवलेला, म्हणजे एकदा सुरू झाला की पाच मिनिटं. शेजारच्या शेतातले मामा काठी घेऊन धावत आले आणि मलाच शिव्या घालून गेले.

मग धाकट्या भावाला चोर करून चालवलं. सरळ सेन्सरकडे आला की उशिरा कळायचं, आडवा गेला की लगेच. म्हणून सेन्सर भिंतीच्या कोपऱ्यात, भिंतीलगत बघेल असा बसवला; दाराकडे जाणारा त्याला आडवाच जातो. वेळ दहा सेकंदांवर आणली. चालू केल्यावर पहिलं मिनिटभर सेन्सर उगाच बोंबलतो, तेवढं सोसायचं.

भीती आषाढाची होती. आमच्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पण नुसता वाट बघत बसलेला सेन्सर वीज जवळजवळ खातच नाही. बॅटरी उतरते ती भोंग्यानं. खोटे भोंगे बंद झाले आणि बॅटरी टिकली.

एका रात्री अडीचला वाजला. बाबा आणि मी टॉर्च घेऊन गेलो, कुणी नाही. चिखलात गव्याचे खूर, परत रानाकडे वळलेले.

बाबा बराच वेळ खुरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उसाच्या कडेलाबी एक बसवतोस काय रे?"