एका फायबरवर आठ चॅनेल : आमची वाटचाल

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये मक्स-डीमक्सचे बॉक्स तयार होतात. मक्स म्हणजे वेगवेगळ्या वेव्हलेंग्थचे (तरंगलांबीचे) प्रकाश एकाच फायबरमध्ये, म्हणजे काचेच्या तारेत, एकत्र घालणारा, डीमक्स म्हणजे पलीकडे ते वेगळे करणारा. एक वेव्हलेंग्थ म्हणजे एक चॅनेल. थिन फिल्म फिल्टर बाहेरून येतात. प्रत्येक फिल्टर आपली वेव्हलेंग्थ पुढे सोडतो, बाकीच्या परत फिरवतो. ते ओळीने स्प्लाइस करून, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडून, कॅसेटमध्ये बसवणं हे काम आमचं. स्प्लायसर पहिल्यापासून तोच आहे. इलेक्ट्रोड बदलले, फायबर ज्यात बसतं ते व्ही-ग्रूव्ह रोज साफ होतात, सांध्यातला प्रकाशाचा लॉस आजही 0.02 डीबीच्या आसपास बसतो. फायबरचं टोक सरळ तोडणाऱ्या क्लीव्हरला नवीन पोराचा हात आम्ही लागू देत नाही.

एका कारखान्याची दोन युनिटं जोडायची होती. बॉक्स आमचे, लेझर मॉड्यूल आणि चॅनेलची निवड शहरातल्याच दुसऱ्या फर्मची. त्यांनी जुन्या केबलवर 1391 नॅनोमीटरचा चॅनेल टाकला. जुन्या काचेत पाण्याचा अंश असतो आणि 1383 नॅनोमीटरच्या आसपास ती प्रकाश खाते, हे या धंद्यात कोणाला ठाऊक नाही? लिंक पडली. खापर आमच्या फिल्टरवर. वर 'यांचे बॉक्स उन्हाळ्यात बसतात' अशी आवई सीताबर्डीपासून बुटीबोरीपर्यंत उठवली. मे महिन्यातलं नागपूर, लोकांना पटलंही. ऑर्डरी थांबल्या, पगार उधारीवर गेले, शेडचं भाडं थकलं.

कामठीचे केबलवाले भाऊ आमचे पहिले गिऱ्हाईक. ते म्हणाले, "त्यांना बोलू द्या ना बाप्पा, तुम्ही मोजून दाखवा." कारखान्यात ते स्वतः सोबत आले. समोरच्या फर्मने ओटीडीआरचा (फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट पुढे केला, 1310 आणि 1550 वर अगदी स्वच्छ. असणारच, त्या वेव्हलेंग्थवर हा दोष दिसतच नाही! आम्ही दोन्ही टोकांचे बॉक्स काढले, 1391 चं मॉड्यूल थेट फायबरला लावलं आणि पलीकडे पॉवर मीटर धरला. बॉक्स नसतानाही पॉवर तितकीच पडलेली. चॅनेल 1551 वर नेला, लिंक उभी राहिली.

उन्हाचं म्हणाल तर बिनकूलरचा लेझर अंशामागे सुमारे 0.1 नॅनोमीटर सरकतो. फिल्टरची खिडकी 13 नॅनोमीटरची, चॅनेलमधलं अंतर 20. सीडब्ल्यूडीएममध्ये, म्हणजे दूरदूरच्या वेव्हलेंग्थ एका फायबरवर चालवण्याच्या या पद्धतीत, एवढं अंतर ठेवलंय ते याचसाठी. कारखाना आमच्याकडेच राहिला. त्या फर्मने मात्र आपले शब्द अजून मागे घेतलेले नाहीत, आणि आम्ही ते विसरलेलो नाही.

पुढची वर्षं कामात गेली. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगतो : केबल कोणत्या काळातली आहे ते आधी विचारा. जुनी असेल तर 1471 ते 1611 हे आठ चॅनेल घ्या. हिरवा (तिरक्या टोकाचा) कनेक्टर निळ्यात (सरळ टोकाच्या) खुपसू नका. आणि बॉक्सला नावं ठेवण्याआधी कनेक्टरचं टोक पुसा.