फुटक्या पुलीचं केंद्र

नववीच्या वर्तुळाच्या धड्यात एक प्रमेय आहे: केंद्रातून जीवेवर, म्हणजे वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेवर, टाकलेला लंब जीवेला दुभागतो. मुलं ते पाठ करतात, सिद्धताही बिनचूक लिहितात. पण आकृतीत केंद्र आधीच छापलेलं असतं, त्यामुळे ते शोधावंही लागतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आमची शाळा नाशिकच्या सातपूरची, एमआयडीसीला लागून. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील कारखान्यात आहेत. त्यांतलाच एक मुलगा त्या दिवशी गोणपाटात गुंडाळलेला बिडाचा तुकडा घेऊन आला. फुटलेल्या पुलीची, म्हणजे यंत्राचा पट्टा ज्यावर फिरतो त्या चाकाची, कड होती ती. वडिलांना लेथवर तशीच नवी पुली करून द्यायची होती आणि ड्रॉइंग कुणाकडेच नव्हतं.

"बाई, एवढ्यावरून व्यास निघतो का हो?"

ठरलेला धडा मी बाजूला ठेवला. तुकडा ड्रॉइंग पेपरवर ठेवून बाहेरच्या कडेने पेन्सिल फिरवली. कंस उमटला, पूर्ण वर्तुळाचा जेमतेम पाचवा हिस्सा. त्याच्या प्रती काढून गटांना दिल्या आणि सांगितलं, दोन जीवा घ्या, दोन्हींचे लंबदुभाजक, म्हणजे मध्यावर काटकोनात जाणाऱ्या रेषा, काढा. प्रत्येक लंबदुभाजक केंद्रातून जातोच, म्हणजे दोन्ही जिथे छेदतील तिथेच केंद्र.

आणि प्रत्येक गटाचं केंद्र निराळं! कुणाची त्रिज्या 18 सेंमी, कुणाची 23. वर्गात कालवा. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने सगळे कागद शेजारी शेजारी मांडले आणि बोट ठेवलं: चुकलेल्यांनी दोन्ही जीवा अगदी जवळजवळ घेतल्या होत्या. मग दुभाजकही जवळपास समांतर होतात, आणि पेन्सिलीच्या रेघेएवढ्या फरकानेही छेदनबिंदू पार सरकतो. मला हे सांगायचं सुचलंही नसतं, तिने नजरेने पकडलं. कंसाच्या दोन टोकांकडच्या जीवा घेतल्यावर सगळ्यांची त्रिज्या 20 च्या आसपास आली.

पडताळा पायथागोरसने केला. टोकाला टोक जोडणारी जीवा 24 सेंमी, तिच्या मध्यावर कंसाची उंची 4. म्हणजे काटकोन त्रिकोणाची एक बाजू 12, दुसरी त्रिज्येपेक्षा 4 ने कमी, आणि कर्ण खुद्द त्रिज्या. समीकरण मांडलं तसा त्रिज्येचा वर्ग दोन्हीकडून उडाला. 8 गुणिले त्रिज्या बरोबर 160 उरलं. त्रिज्या 20.

"म्हणजे चारशे एमएम डाया, बाई!" पोरगा वडिलांच्याच भाषेत ओरडला.

मागून कुणीतरी विचारलं, कड एका बाजूने झिजलेली असेल तर? फार चांगला प्रश्न. तिसरी जीवा घ्यायला लावली. तिचाही दुभाजक त्याच बिंदूतून गेला, तेव्हा कड बहुधा गोलच आहे असं दिसलं. तरी कागद वडिलांकडे देताना मी मुलाला बजावलं: हे माप पेन्सिलीचं आहे, काही मिलिमीटरचा फरक राहणारच, लेथवर जॉब लावण्याआधी त्यांनी स्वतः एकदा मोजून घ्यावं.