मावशीचे डबे आणि ग्रेपचा घोळ

मावशी कोथरूडला डबे देते. सकाळी सातपर्यंत ज्यांचे "आज नको" मेसेज येतात ते फ्लॅट सगळ्या यादीतून वजा करायचे आणि उरलेली यादी डबे पोचवणाऱ्या पोराला पाठवायची, एवढंच काम, म्हटलं बॅशमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या भाषेत, स्क्रिप्ट लिहून पाच मिनिटांत उरकतो.

पहिल्यांदा शहाणपणा करून ॲरेच्या, म्हणजे बॅशमधल्या यादीच्या, नावापुढे स्लॅश आणि नको असलेला फ्लॅट असं लिहिलं, दिसायला काय मस्त दिसतं ते! पण त्याने एलिमेंट, म्हणजे यादीतली अख्खी नोंद, जात नाही, प्रत्येक एलिमेंटमधला तेवढा तुकडा फक्त खोडला जातो. ए-१ ला डबा नको होता, तर ए-१ च्या जागी रिकामी ओळ राहिली, ए-१० चं झालं ० आणि ए-१२ चं २. पोराचा फोन, "दादा, हा शून्य नंबरचा फ्लॅट कितव्या मजल्यावर?"

मग अनसेट, म्हणजे ॲरेतली नोंद उडवायची कमांड. ते खरंच काढतं, पण मागचे पुढे सरकत नाहीत, इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदींच्या क्रमांकांत, भोक तसंच राहतं, त्यामुळे शून्यापासून एकूण संख्येपर्यंत लूप फिरवला की शेवटचं गिऱ्हाईक उपाशी.

शेवटी ॲरेचा नादच सोडला. एका ओळीत एक फ्लॅट, दोन फायली, आणि ग्रेप, म्हणजे फाईलमधल्या जुळणाऱ्या ओळी शोधणारी कमांड. मायनस व्ही म्हणजे हे सोडून बाकीचं, स्मॉल एफ म्हणजे नको-यादी फाईलमधून घे. नुसतं एवढ्यावर भागत नाही बरं का, ए-१ काढताना ए-१० पण जातो, आणि नको-यादीत चुकून एक रिकामी ओळ राहिली तर ती सगळ्यांनाच मॅच होते आणि अख्खी यादी साफ! म्हणून मायनस एक्स, म्हणजे पूर्ण ओळ जुळली तरच, आणि कॅपिटल एफ, म्हणजे टिंब वगैरेला रेजेक्स, म्हणजे शोधायच्या नमुन्यातली खास खूण, समजू नको. कॉम, म्हणजे दोन फायली ताडून बघणारी कमांड, ती पण चालते पण तिला दोन्ही फायली सॉर्ट करून लागतात, आणि मावशीची यादी पोराच्या रस्त्याच्या क्रमाने असते, ती कोण मोडणार.

हे महिनाभर छान चाललं. लक्ष्मीपूजनाला सगळेच गावी, सगळ्यांचं नको. ग्रेपला एकही ओळ उरली नाही की तो काम कसं झालं ते सांगणारा आकडा म्हणून १ परत देतो, आणि वर मी सेट मायनस ई, म्हणजे शून्य सोडून काही आलं की थांब, असं लिहून ठेवलेलं, स्क्रिप्ट तिथेच आडवी. ग्रेपपुढे "किंवा ट्रू", म्हणजे काही झालं तरी ठीकच समज, असं लावून गप्प करता येतं, पण मग फाईलच सापडली नाही तरी, म्हणजे २ आला तरी, गप्पच. म्हणून १ आला तर चालेल, बाकी थांब, असं लिहिलं.

मावशीला फोन करून सांगितलं, यादी रिकामी आहे. "मग मी काय पातेलं घेऊन बसलेय का? सुट्टी आहे आज," म्हणाली.