विजापूर रस्त्यावरचा तरवड

रोपवाटिकेचे काम करत असल्यामुळे वाळलेली झाडे पाहण्यासाठी मला नेहमीच बोलावणी येतात. परंतु विजापूर रस्त्यावरील एका नव्या वसाहतीने मे महिन्यात ज्या झाडासाठी बोलावले, त्याचे नाव मी पुन्हा विचारून घेतले. तरवड वाळला होता. जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर सरासरी पावसावर आणि निव्वळ मुरमावर, कोणी तांब्याभर पाणी न घालता, सोलापूरच्या माळांवर पिवळाधमक फुलणारे हे झुडूप ठिबकच्या नळीखाली मरावे, हे मला पटेना.

कुंपणालगत कमरेएवढी झुडपे रांगेने उभी होती. कंत्राटदाराने ती हिवाळ्यात माळावरून खणून आणली होती, असे अध्यक्षांनी सांगितले. मी एक झुडूप ओढले, तर ते सहज हातात आले. सोटमूळ वीतभर अंतरावर कुदळीने तुटलेले होते, आणि खड्ड्यात भरलेल्या काळ्या चिकण मातीत रोज पाणी साचल्याने त्याचे टोक कुजून गेले होते. तरवडाची सारी ताकद खोल जाणाऱ्या या मुळात असते. ते तुटले की उरलेल्या झुडपाला माळाचे म्हणण्यासारखे काही राहत नाही.

हे झाड हवे कोणाला होते, हे विचारल्यावर सोलापूरच्या पूर्व भागातून तिथे राहायला आलेल्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली या विणकर समाजातल्या एक अक्का पुढे आल्या. सर्वपित्री अमावास्येला सुरू होणाऱ्या बतुकम्मा या तेलुगू सणात रचायच्या फुलांच्या थरांत त्यांना तंगेडू, म्हणजे हाच तरवड, लागतो. तेलंगणाने तो राज्यपुष्प म्हणून मानला आहे. पूर्वी घरची मुले माळावर जाऊन फुले आणत; आता त्या माळांवर प्लॉट पडले आहेत.

“दादा, यंदाच्या सणाला फुले येतील का?” त्यांनी विचारले.

“यंदा नाही, अक्का. पुढच्या वर्षी धरून चला.”

समोरच्या पडीक प्लॉटवर तरवडाची झुडपे होती. त्यांच्या चपट्या, कागदासारख्या तपकिरी शेंगा आम्ही तिथेच गोळा केल्या. तरवडाच्या बियांचे कवच इतके टणक असते की तशीच पेरली तर पुष्कळशी बी मातीत नुसती पडून राहते. म्हणून पाणी उकळून, भांडे खाली उतरवून त्यात बी टाकायची आणि रात्रभर ठेवायची, असे मी अक्कांना सांगितले. सकाळी जी फुगली ती पेरायची. जी फुगली नाही ती काचकागदावर हलकेच घासून पुन्हा भिजवायची. मृगाचा पाऊस झाला की कायमच्या जागीच, बोटाच्या एका पेराहून कमी खोलीवर, दोन-तीन बिया टोकायच्या आणि त्यांतले जोमदार रोप ठेवायचे. पिशवीतच करायचे असेल, तर पिशवी उंच घ्यावी आणि मूळ तळाशी वळण्याआधी रोप जमिनीत जावे. जागा दिवसभर उन्हाची हवी. काळी माती काढून मुरूम भरायला मी अध्यक्षांना सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चांगली माती ट्रॉलीने विकत आणलेली होती ना!

पहिल्या वर्षी पावसाने मोठी ओढ दिली तरच पाणी द्यायचे, पुढे तेही नाही. शेळ्यांची चिंता त्यांना होती, पण गुरे-शेळ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. पाने खाणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या मात्र दिसतील. त्यांवर फवारणी करू नये, कारण झुडूप पुन्हा पालवते, आणि फुलांतला पराग थरथरवून काढणारे काळे भुंगे फवारणीने मरतात.

फुले तोडण्यावरून वसाहतीत वाद होईल, असे अध्यक्षांना वाटत होते. तरवड नव्या फुटव्यांच्या शेंड्यांवर फुलतो, त्यामुळे सणासाठी शेंड्यासकट फुले खुडली की छाटणी आपोआप होते, हे मी त्यांना झुडपावरच दाखवले. प्रत्येक झुडपावर चार-दोन तुरे शेंगांसाठी राखायचे, एवढी अट घालून अध्यक्षांनी अक्कांना परवानगी दिली आणि ठिबकची नळी त्याच संध्याकाळी काढायला लावली.